अकरावा फर्मा

प्रिय चिमणे,

पत्र पाहून दचकू नकोस, आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझी आई तर इतकी, की सकाळपासून माझ्या चहातली साखर चोरते आहे. बातमी वेगळीच आहे. आपल्याकडे दर वर्षी वाचतात त्या ग्रंथातला तो शिष्य, जो मेल्यावर उठून जेवायला बसतो, तो उठलाच नव्हता!

झालं काय, कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या मावशी आपली प्रत पुन्हा बांधायला घेऊन आल्या. मी जुना दोरा कापला, सोळा-सोळा पानांचे फर्मे टेबलावर सुटे केले. मावशींना कापडाचे तुकडे जुळवायची सवय, त्या पानं जुळवायला लागल्या आणि मध्येच थबकल्या. एकशे ब्याण्णव पानानंतर एकशे एकसष्ट! छापलेल्या फर्म्यांचे गठ्ठे ओळीनं मांडून, टेबलाभोवती फिरत एकेक कसा उचलायचा, हे तू लहानपणी पाहिलं आहेस. तू रांगत होतीस तेव्हा मी या धंद्यात नवखा होतो. अकराव्या आणि बाराव्या गठ्ठ्याची अदलाबदल झाली आणि पाचशेच्या पाचशे प्रती तशाच शिवल्या गेल्या. अकराव्यात तो जेवतो, बाराव्यात बिचारा मरतो. आम्ही त्याला आधी मारलं, मग जेवू घातलं. आकडे पानाखाली छापलेले होते गं, पण गोष्टीत रंगल्यावर खाली कोण बघतं?

वाचनाला येणारी निम्मी मंडळी पोट धरून हसली. निवृत्त हेडमास्तर मात्र माझ्यावर जाम उखडलेत. दर वर्षी त्याच पानावर त्यांचे डोळे भरून यायचे. पूर्वीसारखंच बांधून दे म्हणून हटून बसलेत. नदीवरून चालण्याचा चमत्कार तरी नीट बांधला आहेस ना, असंही त्यांनी दरडावून विचारलं. म्हटलं, बांधणी पक्की आहे, पुढचं मला विचारू नका.

आता मुद्द्याचं. तू नऊ वर्षांची असताना भरल्या खोलीत विचारलं होतंस, की मेलेला माणूस उठून बसला तर वाढणारी बाई दचकली कशी नाही. मी तुला कान धरून बाहेर काढलं. त्यानंतर तू वाचनाला कधी बसली नाहीस आणि मला काही विचारलंही नाहीस. सगळ्यांना वाटतंय, चूक परवा सापडली. खरं सांगतो, त्या दिवशी मंडळी गेल्यावर मी पानांचे आकडे पाहिले होते. तू बरोबर होतीस, हे मला सव्वीस वर्षं माहीत आहे. सगळे माझ्या बांधणीचं कौतुक करत होते आणि माझी जीभ रेटली नाही. बाळा, मला माफ कर. रविवारी वाचनाला हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. हेडमास्तरांची भीती वाटते, पण त्याहून जास्त भीती तू येणार नाहीस याची वाटते. ये, आणि माझ्या शेजारी बस.

तुझाच, उशिरा शहाणा झालेला
बाबा