चारीच्या अलीकडे

१ डिसेंबर, संध्याकाळ
न्हावऱ्यात घबराट. कालव्याच्या चारीपलीकडच्या उसात बिबट्या दिसला. लोक घाबरतात, कारण गणित कच्चं. मी अकरावीला दरवर्षी शिकवते: बहुपदी जिथे शून्य होते तिथे तिचं चिन्ह बदलतं, आणि दोन शून्यांच्या मधल्या पट्ट्यात एकच चिन्ह राहतं. पलीकडे बिबट्या, म्हणजे मायनस. चारी हे शून्य. अलीकडे डांबरी रस्त्यापर्यंत आमचा ऊस आणि घर, म्हणजे प्लस.
हर्षदा सकाळी उसातल्या बांधावरूनच क्लासला जाईल. बारावीचं वर्ष. डांबरीचा फेरा परवडणार नाही.

२ डिसेंबर
ह्यांचं म्हणणं, पोरीला मी बाईकवरून डांबरीनं सोडतो. मी म्हटलं, तुमची शिफ्ट चुकेल. पट्ट्यातला एक बिंदू तपासला की पुरतं. तपासला. विहिरीपाशी, भर दुपारी. काही नव्हतं. प्लस.
सासूबाई म्हणाल्या, "दुपारचा त्यो झोपतोय." दुर्लक्ष केलं.

४ डिसेंबर
वर्गात किरकोळ गोंधळ. (x − २)चा वर्ग गुणिले (x − ५). फळ्यावर उजवीकडून लिहीत गेले: प्लस, मायनस, प्लस. पूनम नावाची मुलगी उठून म्हणाली, मॅडम, x शून्य ठेवला तर उणे वीस येतंय. खरंच आलं. दोनपाशी आलेख रेषेला नुसता टेकतो आणि माघारी वळतो. दोन्ही बाजूंना मायनसच. सांगितलं, असले अपवाद परीक्षेत येत नाहीत. फळा पुसला.
घरी हर्षदाला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "आई, चारी कोरडी आहे. तिथं बदलण्यासारखं काय आहे?"
दमली असेल. लवकर झोपायला सांगायला हवं.

५ डिसेंबर, सकाळ
तिला बांधापर्यंत सोडायला गेले. ऊस हलत होता. वारा असणार. माझा पदर हलत नव्हता, पण त्याला पिन होती. हर्षदा म्हणाली, "तू शेवटपर्यंत ये ना." मला कॉलेजला उशीर होत होता. ती आत गेली. सायकलची घंटी बराच वेळ ऐकू येत होती. रिकाम्या बांधावर घंटी कशाला वाजवायची?

६ डिसेंबर
शेजारच्या कोंडिबा आबांची शेळी आमच्या विहिरीपाशी सापडली. अर्धी. विहीर तशी पट्ट्याच्या कडेला आहे. कडा धरत नाहीत.
जेवताना ह्यांनी हर्षदाला खोदून विचारलं. तेव्हा बोलली. काल उसातून कुणीतरी तिच्या बरोबरीनं चालत होतं. ती थांबली की तेही थांबायचं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?
म्हणाली, "तू प्लस म्हणाली असतीस."

८ डिसेंबर, तिन्हीसांज
हर्षदा आता पप्पांबरोबर डांबरीनं जाते. माझ्याशी मोजकंच बोलते. अभ्यासाचा ताण असणार. मी रजेवर. अर्जात ताप लिहिला.
संडास अंगणापलीकडे आहे. सासूबाईंनी मघाशी दाराच्या कडीला हात लावला आणि म्हणाल्या, "सूनबाई, तू हो म्होरं. तुझं गणित हाय ना."
बाहेर कुत्रं भुंकत होतं. आता भुंकत नाही.
मी म्हटलं, हे येऊ देत. त्या खाली बसल्या. मीही बसले.