स्वयंपाकघराचा एक फोटो

बाबा, काल आईसाठी कॅमेरा घेतला. हो हो, आईसाठीच. तुम्ही असता तर म्हणाला असता, "तिला कशाला? तिला धड उभंही राहता येत नाही फोटोसाठी." सांगते, सगळं सांगते, जरा दम धरा. येत्या रविवारी आपण ते भाड्याचं घर सोडतोय. घरमालकाच्या मुलांना तिथे नवी बिल्डिंग बांधायची आहे, म्हणून आई माझ्या फ्लॅटवर राहायला येते आहे. सामान बांधता बांधता ती तुमचे अल्बम घेऊन बसली. एकेक पान उलटत शेवटपर्यंत गेली आणि म्हणाली, "पंचेचाळीस वर्षं ह्या ओट्याशी उभी राहिले, आणि त्याचा एक फोटो नाही. जायच्या आधी मला माझ्या स्वयंपाकघराचा फोटो हवा. आणि तो मीच काढणार."

बरोबरच आहे नं तिचं! तुमच्या अल्बममध्ये घर आहे कुठे? जिकडे बघावं तिकडे गच्ची. वाढदिवस गच्चीवर, हळदीकुंकू गच्चीवर, दिवाळीचा फराळही गच्चीवर. "घरात उजेड नाही, चला वर," अशी तुमची ऑर्डर सुटली की आख्खी वरात जिन्याने निघायची. एकदा आईने श्रीखंड-पुरीचं ताट वर नेलं, तुम्ही लाइट बघत बसलात, आणि कावळ्याने पुरी पळवली. तो फोटो आहे अजून, त्यात आई आकाशाकडे बघून काहीतरी बोलते आहे, काय ते न ऐकलेलंच बरं. बाकी सगळीकडे आपण उन्हात डोळे बारीक करून उभे. लग्नाआधी ह्यांनी अल्बम बघितला तेव्हा ह्यांना वाटलं होतं की आपल्या खानदानाचेच डोळे बारीक आहेत.

मी आईला म्हटलं, अगं, मोबाइल आहे नं. तर ओट्याचा फोटो काढायला गेली आणि देपालपूरच्या मावशीला व्हिडिओ कॉल लागला. मावशी डोक्याला तेल थापत बसली होती. दोघी पाऊण तास बोलल्या, फोटो राहिलाच. "मला एक बटण पाहिजे," आई म्हणाली, "एकच. दाबलं की फोटो. बस."

मग काल दुपारी दोघी कृष्णपुऱ्याला गेलो. तुम्ही रोल धुवायला द्यायचात, त्याच रांगेत आता एक कॅमेऱ्याचं दुकान आहे. मी पडले तुमची मुलगी. गेल्या गेल्या मोठे, लेन्स बदलायचे कॅमेरे हातात घेऊन सुरू झाले. दुकानदार भिया माझ्याच वयाचे, चष्मा डोक्यावर चढवलेला. त्यांनी माझं भाषण ऐकून घेतलं आणि आईला विचारलं, "आंटीजी, आपको क्या चाहिए?" आई म्हणाली, "घर के अंदर का फोटो निकालना है. अंधेरा रहता है. और मेरे को कुछ सेट-वेट नहीं करना." भियांनी एक गुबगुबीत, फिक्या निळ्या रंगाचा कॅमेरा पुढे ठेवला. उजेड तो स्वतःच मोजतो, फ्लॅश स्वतःच मारतो, आणि फोटो तिथल्या तिथे बाहेर येतो. आईने हातात घेतला, बटण कुठलं ते बघितलं आणि म्हणाली, "हाच." मला तर कुणी विचारलंसुद्धा नाही.

पॅक करताना भिया म्हणाले, "बस एक ध्यान रखना आंटीजी. फोटो बाकी हों तब तक पीछे का ढक्कन मत खोलना. सारी फिल्म खराब हो जाएगी."

आईने माझ्याकडे बोट केलं. "वो इसको बोलो. ये खोलती है."

तो दिवस आठवतो नं, बाबा? एकदा, फक्त एकदा तुम्ही घरात फोटो काढायचं मनावर घेतलं होतं. मी नऊ वर्षांची. संक्रांतीचा दिवस, आई गुळाच्या पोळ्या लाटते आहे. तुम्ही कॅमेरा पाटांच्या चळतीवर ठेवलाय, शटर उघडं धरून मोजताय, "एक... दोन... हलू नकोस... तीन," आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी होते. आई दचकते आणि अशी हसते की लाटणंच सुटतं हातातून. "हललीस! गेला फोटो!" म्हणून तुम्ही चिडलात, आणि सगळा रोल तसाच घरात मोजून मोजून संपवलात. आठ दिवसांनी रोल धुवायला दिलात, तर स्टुडिओवाला म्हणाला, "मास्साब, ज़्यादा रोशनी खा गया. पूरा रोल गया." गणिताचे मास्तर तुम्ही! संध्याकाळभर कागदावर सेकंद मांडत बसलात, आणि शेवटी म्हणालात, "माझंच गणित चुकलं." त्यानंतर तुमचा कॅमेरा गच्चीवरून खाली उतरलाच नाही.

दुकानाच्या पायऱ्या उतरताना मी आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"बघितलं नं मी. दारामागे बसून झाकण उघडलंस, आत डोकावलीस, पटकन लावून टाकलंस."

"मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तू सांगशील. आज सांगशील, उद्या सांगशील," आई म्हणाली. मग माझं तोंड बघून हसायला लागली. "चल गं आता. रडतेस काय रस्त्यात?"

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी तिने ओट्याचा फोटो काढला. कागद बाहेर आला तो पांढराफटक. वाटलं, हाही गेला. मग हळूहळू माठ आला, डब्यांची फळी आली, शेगडी आली, आणि कोपऱ्यात माझं अर्धं डोकं. आईला भारी आनंद झाला. मग मी कॅमेरा घेतला आणि तिला ओट्याशी उभं केलं. हलू नकोस म्हटलं नाही, मोजलंही नाही. तिला कावळ्याची आठवण करून दिली आणि बटण दाबलं. मस्त आलाय, बाबा. हललीय, पण मस्त आलाय.

तो फोटो आणि हे पत्र तुमच्या जुन्या कॅमेऱ्याच्या चामडी कव्हरमध्ये ठेवते आहे. तुमच्यापर्यंत टपाल जात नाही, आणि जात असतं तरी टाकायची माझी हिंमत झाली असती का, कोण जाणे. तुम्ही होतात तोवर तरी कुठे झाली? तुमचं गणित चुकलं नव्हतं. झाकण मी उघडलं होतं. मला फक्त बघायचं होतं, आईचं हसणं आत आलंय का.