वेल कुणी आणली

१४ सप्टेंबर, रविवार
वेलीला कळ्या धरल्या. पाण्याच्या टाकीमागून निघून आता पार स्टँडच्या पत्र्यावर गेली आहे. महिन्याभरात टेकडी गुलाबी. मागच्या वर्षी पुण्याची माणसं फोटो काढायला आली. आमच्या गावात, फोटो काढायला! इथं कुसळं आणि बाभळी सोडून काही उगवत नाही, पाहुणे आले की आम्ही त्यांना म्हसवडला देवाला नेऊन वेळ मारून नेतो.
यंदा महोत्सवाचं तिसरं वर्ष. सचिव मी. नगरपंचायतीत कारकून असलं की सचिव, सूत्रसंचालक आणि खुर्च्या पुसणारा एकच माणूस असतो.

१६ सप्टें.
समितीची बैठक. नगराध्यक्ष म्हणाले, "पर्यटनाच्या प्रस्तावाला तज्ज्ञाचं पत्र लागतंय. आपली येल लय दुर्मीळ हाय आसं कुणीतरी शिकल्याल्या माणसानं लिवून दिलं पायजे. भाऊसाहेब, तुमी सांगलीला शिकलाय. बघा कोण गावतंय का."
बघतो म्हणालो. बघायचं काय आहे? एकच नाव. उज्ज्वला मगदूम. आता विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवते. यापुढे इथं उ. लिहीन. अख्खं नाव लिहिताना अजून हात थांबतो, या वयाला शोभत नाही.

१७ सप्टें.
आज लिहूनच टाकतो. या वहीत तरी खरं असावं.
गाव सांगतं, वेल सुभेदारांनी आणली. सीमेवरून, रजेवर येताना, गावावरच्या मायेपोटी. वेशीवर तसा फ्लेक्स आहे. सुभेदार गेले, म्हणून दर महोत्सवात त्यांच्या बायकोचा, आक्कांचा साडी-नारळ देऊन सत्कार. फ्लेक्सचा मजकूर मीच लिहिला.
वेल मी आणली. सांगलीहून, एस.टी.नं, मांडीवर पिशवी घेऊन. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. मुलींच्या हॉस्टेलची भिंत पाडत होते, तिच्यावर ही वेल होती. माळ्यानं कंद उकरून ढीग घातलेला. उ. जैन, कंदमूळ खात नसे. कँटीनच्या मिसळीतले बटाटे वेचून माझ्या ताटलीत टाकायची. ती त्या ढिगाजवळ उभी राहून म्हणाली, "एकेका कंदात किती जीव असतात, आणि हे चालले उकिरड्यावर. न्या रे कुणीतरी. लावा कुठंतरी." आम्ही आठ-दहा जण होतो. सगळ्यांनी हो हो केलं. नेला मी एकट्यानं.
टाकीमागं लावला, कारण तिथं गळकं पाणी होतं. म्हटलं, फुलं आली की तिला पत्र लिहू. फुलं आली तोवर वडील अंथरुणाला खिळले होते, माझा एक विषय राहिला होता, ती पीएच.डी.ला लागली होती. पत्र राहिलं. लग्नही राहिलंच, म्हणजे करायचं नाही असं ठरवलं नव्हतं, करायचं राहिलं.
सव्वीस वर्षं झाली. वेलीला कुणी पाणी घातलं नाही, खत घातलं नाही.

१९ सप्टें.
पत्राचा मसुदा चार वेळा. "महोदया" लिहिलं, खोडलं. "प्रिय" लिहिलं, तो कागदच फाडला. शेवटी न.पं.च्या नेहमीच्या नमुन्यात: सस्नेह निमंत्रण, उपस्थिती प्रार्थनीय. खाली सचिव म्हणून माझं नाव. नाव बघून काही वाटेल का तिला?

२५ सप्टें.
उ.चा फोन. दुपारी, जन्मदाखल्याची रांग समोर असताना.
"कोण? हां, हां, आठवलं. तुम्ही प्रॅक्टिकलला शेवटच्या टेबलावर असायचा."
तुम्ही. पूर्वी तू होतं. ठीक आहे, सव्वीस वर्षांत माणूस मोठा होतो.
वेलीचे फोटो पाठवा म्हणाली. पाठवले. तासाभरात परत फोन. "बघा, मी आले तर खरं तेच बोलेन. चालेल तुमच्या समितीला?"
चालेल म्हणालो. समितीला विचारलं नाही. खरं म्हणजे मला त्यातलं "मी आले तर" एवढंच ऐकू आलं. रांगेतल्या बाईंनी दाखल्यावरचं नाव चुकलंय म्हणून दोनदा सांगितलं तेव्हा भानावर आलो.

४ ऑक्टो.
आक्का शेळ्या घेऊन टेकडीवरून उतरताना भेटल्या. पासष्टीच्या आहेत, माझ्या आईच्या मैत्रीण. वैतागलेल्या. "बाभळीच्या शेंगा खायाच्या माज्या शेळ्या. आता बाभळ हाय कुठं? समदी येलीच्या पोटात गेली. बोरी गेल्या, गवत गेलं. फुलं खाऊन शेळी दूद देती व्हय रं?"
म्हटलं, आक्का, सत्काराच्या वेळी माइकवर असलं बोलू नका.
"न्हाई बोलत. साडी घिऊन गप बसती."
हसलो. पण घरी येताना नीट बघितलं. टाकीपासून माळापर्यंत मी लहानपणी चढलेलं एकही झाड दिसत नाही. वेलीखाली नुसते उंचवटे आहेत. रोज बघतो, आणि कधी मोजलं नव्हतं.

१० ऑक्टो.
उद्यापासून महोत्सव. मांडव, माइक, गुलाबी फेट्यांचं गाठोडं, सगळं आलं. केस कापून घेतले. न्हावी म्हणाला, "भाऊसाहेब, काय पोरगी बगाय चाललाय काय?" गावात माणसानं नीटनेटकं दिसायचीसुद्धा सोय नाही.

११ ऑक्टो.
पहिला दिवस झक्क. वेलीची पूजा, ओटी, लेझीम. फुलांच्या कमानीखाली फोटोला मरणाची रांग. आक्कांचा सत्कार. टाळ्या पडत असताना त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "आवंदा सुती दिलीया. मागली बरी हुती."
उद्या ती येणार. आज ओळी सरळ येत नाहीत.

१२ ऑक्टो., रवि.
आली. केस पिकलेत, तिनं रंगवले नाहीत. खांद्याला तीच कापडी पिशवी असावी असं वाटलं, तीच कशी असेल? गळ्यात मंगळसूत्र नाही. हल्ली पुष्कळ जणी घालत नाहीत. विचारलं नाही.
अध्यक्षांनी फेटा बांधायला लावला. तिनं बांधून घेतला. मग माइक.
"ही वेल इथली नाही. मेक्सिकोची आहे. दिसायला देखणी आहे, मलाही आवडते, माझ्या हॉस्टेलच्या भिंतीवर होती. पण हिच्याखाली बाभूळ मरते, बोर मरते, गवत मरतं. काही वर्षांनी या टेकडीवर हिच्याशिवाय काही उरणार नाही. मी जैन आहे. कंद खणणं आमच्यात पाप. तरी मी तुम्हाला हात जोडून सांगते, खणा. कंदासकट काढा."
मग मागून कुणीतरी, "बाई, तुमास्नी पावण्या म्हून बोलावलंय!" आणि एकच गलका. अध्यक्ष माइक ओढून घेत, "फौजी माणसाची आठवण हाय ती! उपटा म्हंजे?" आणि मग माझ्याकडे असं बघितलं की उद्याची बदली आजच व्हावी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.
ती मात्र शांत. फेटा काढून घडी घातली, खुर्चीवर ठेवला.
गाडीपर्यंत सोडायला गेलो. "तुम्हाला माहीत होतं ना मी काय बोलणार?"
"हो."
"मग का बोलावलंत?"
सांगायला हवं होतं. सव्वीस वर्षांत कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "प्रस्तावाला तज्ज्ञाचं पत्र लागत होतं."
तिनं मान हलवली. मग कामाचं. एकदा खणून भागत नाही, बोटाएवढा तुकडा राहिला तरी फुटते. तीन-चार वर्षं परत परत काढावी लागते. "ठराव तेवढा करून घ्या. मी मुलांना घेऊन येत जाईन."
येत जाईन.

१३ ऑक्टो.
कालपासून एकच हिशोब. वेल राहिली तर ती येणार नाही. वेल गेली तर ती येत राहील. पण वेल म्हणजे माझ्याजवळ तिचं होतं ते तेवढंच. दारात बसलं की दिसायची. रोज.
आणि सुभेदारांचं नाव जोडलेलं आहे तोवर गाव वेलीला हात लावू देणार नाही. म्हणजे कुणीतरी खरं सांगायला हवं. कुणीतरी म्हणजे कोण ते मला माहीत आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण मुठीत धरलेलं आता टेकडीभर झालंय.

१७ ऑक्टो., शुक्र.
सभा. विषय क्र. ४, वेलीबाबत, म्हणून ऐकायला गावही जमलेलं. मी इतिवृत्त लिहायला बसलेला. अध्यक्ष म्हणाले, विषय नामंजूर, सुभेदारांची वेल आहे, पुढचा विषय घ्या. मी पेन ठेवलं आणि उभा राहिलो.
"वेल सुभेदारांनी आणली नाही. मी आणली. सांगलीहून."
मग हशा. अध्यक्ष डोळे पुसत, "बसा भाऊसाहेब, बसा. तुमी लावली आसती तर वाळली आसती. हापिसातली तुळस जगवली न्हाई तुमी."
खरंच, मूठ उघडली तर कुणी बघेना. सव्वीस वर्षं मी भ्यालो होतो ते याला?
तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आक्का उठल्या. "ह्यो खरं बोलतोय. आमच्या ह्यांनी जल्मात एक रोप लावलं न्हाई. रजेवर आलं तवा येल टाकीवर चढली हुती. मलाच इचारलं, ही कसली फुलं म्हून."
"मग आक्का, तीन वर्सं साडी कशी घेतली?" कुणीतरी विचारलं.
"तुमी दिली, मी घेतली. त्यात काय चुकलं?"
मग माझ्याकडे वळल्या. सगळ्या सभेसमोर. हळूच नाही, नेहमीच्या शेळ्या हाकायच्या आवाजात: "पर एवढ्या लांबनं कुनासाटी आणलीस रं?"
हशा थांबला. सगळे माझ्याकडे बघत होते. आक्कांशेजारी बसलेली आईसुद्धा.
"कुणासाठी नाही," म्हणालो. आक्कांना पटलं नाही, ते दिसत होतं. पण त्या खाली बसल्या.
शेवटी तडजोड. फ्लेक्स राहणार, महोत्सव राहणार. टाकीमागचा गुंठाभर तुकडा फक्त, "प्रायोगिक तत्त्वावर", मॅडमना खणू द्यावा. टेकडीचं पुढच्या पावसाळ्यानंतर बघू. ठराव मंजूर. लिहिला मीच.
उ.ला मेसेज: "गुंठाभर मिळाला." तिचं उत्तर: "सुरुवात झाली. भाऊबीज झाली की रविवारी येते."

२३ ऑक्टो.
भाऊबीज. बहीण मेढ्याहून आली. सभेतली गोष्ट तिच्यापर्यंत पोचलेली. ओवाळताना म्हणाली, "दादा, ती जैनांची पोरगी का रं? हॉस्टेलवाली?" हिला कसं ठाऊक? म्हणे, तवा तू सुट्टीला आला की दर एक गोष्ट उज्ज्वला आसं म्हणाली, उज्ज्वला तसं म्हणाली. घरादाराला ठाऊक होतं. मीच तेवढा समजत होतो की कुणाला पत्ता नाही.

२६ ऑक्टो., रवि.
सकाळी आठला आली. सोबत तीन विद्यार्थिनी, कुदळी, गोण्या. मुली कडेकडेनं लागल्या, आम्ही दोघं टाकीच्या भिंतीशी. वरची वेल ओढून काढली तर बाभळीचं खोड लागलं, वाळून काळं पडलेलं. तिनं हात लावून बघितला नुसता.
मग खणायला लागलो. तिनं पहिली कुदळ मारण्याआधी डोळे मिटले, ओठ हलले. क्षमा मागत असावी. त्यानंतर सपासप.
भिंतीलगत कंद लागला तो काही संपेना. हातभर झाला, तरी खाली जात होता. ती गुडघ्यावर बसून मातीत हात घालून चाचपत होती. "हा मूळ कंद दिसतोय. सगळ्यात जुना. इथंच पहिली लावलीय कुणीतरी."
"मी," म्हणालो.
"सभेत बोललास ते ऐकलं मी, तुमच्या आक्कांनी सांगितलं चहा देताना." तू. घाईत आलं असेल, तिच्याही लक्षात आलं नसेल. "सांगलीहून कुठून आणलीस?"
मुली लांब होत्या. माझ्या हातात कुदळ होती, ती खाली ठेवली.
"तुझ्या हॉस्टेलची भिंत पाडली तेव्हा. तू म्हणालीस, न्या रे कुणीतरी, लावा कुठंतरी. मी आणून लावली."
ती बघत राहिली. "मी म्हणाले होते असं?"
"हो."
"आठवत नाही रे मला."
आठवत नाही. हे मी कधी धरूनच चाललो नव्हतो. नकार धरला होता, हसेल हे धरलं होतं, लग्न झालेलं असेल हेही. आठवणारच नाही, हे नाही.
ती बराच वेळ कंदाभोवतीची माती बोटांनी मोकळी करत होती. मी उगाच गोणीचं तोंड धरून उभा. मग मान वर न करता म्हणाली, "तेव्हाच सांगायचं होतंस. एवढी पसरली नसती."
वेलीबद्दलच बोलत असेल. तिचा तो विषय आहे. मी विचारलं नाही. तिनं सरकून जागा केली आणि म्हणाली, "ये, त्या बाजूनं धर. एकटीला निघायचा नाही."
धरला. दोघांनी ओढून बराचसा निघाला. खालचा भाग अजून आत आहे, किती खोल ते कळत नाही. अंधार व्हायच्या आत तिला मुलींना घेऊन परत पोचायचं होतं. हात धुताना पुढच्या रविवारी येते म्हणाली, मुलींच्या परीक्षा आहेत तेव्हा बहुतेक एकटीच.