पाय लावायची जागा

शनि. ५ मार्च २०१६, र्युसेल्सहाइम, जर्मनी

आजही तेच. जुन्या वस्तू शोधत शेतात हिंडायचं, मेटल डिटेक्टर माझ्या हातात. कुईं वाजलं की मी थांबणार, बोट दाखवणार आणि खणणार कोण, तर युर्गन. प्रज्ञाचा सासरा, माझ्याहून थोडा मोठाच. सापडलं काय: नांगराचा बोल्ट, बाटलीचं बूच, शिशाची एक गोळी. गोळी जुनी आहे म्हणाला. मलाच देऊन टाकली.

घरी येऊन सु.ला गंमत म्हणून सांगायला गेलो. पोळ्या लाटत होती, ती थांबलीच. "अहो, व्याह्यांना खणायला लावता? मुलीचे बाप ना तुम्ही? शोभतं का?"

हसण्यावारी नेलं. प्रज्ञाच्या लग्नात मानपान बंद म्हणून ठणकावून सांगणारा मी. हॉलमध्ये वंदना, जेवण, संपलं. तरी सु.चं बोलणं लागलं. मुलाकडचा माणूस चिखलात वाकलाय आणि मुलीचा बाप शेजारी बोट दाखवत उभा.

खरं कारण डावा गुडघा. खाली बसलो तर उठवत नाही. हे त्याला सांगितलेलं नाही. "मी ऐकतो, तू खण, टीमवर्क" म्हणून वेळ मारून नेतोय.

स्वतःचं फावडं घ्यायचं. ठरलं.

मंगळ. ८ मार्च

बाउमार्क्टला, म्हणजे बांधकाम-बागकामाच्या सामानाच्या दुकानात, जाऊन आलो. अख्खी भिंत फावड्यांनी भरलेली. चपटी, टोकदार, कडेला करवतीसारखे दाते असलेली, डी-मूठ, टी-मूठ. आपलं फावडं, स्वतःकडे ओढायचं, ते नाहीच. इथला स्पाटन सरळ उभा धरायचा आणि पायानं दाबायचा. पात्याच्या वरच्या कडेला पाय लावायची जागाच करून ठेवलेली असते. म्हाताऱ्यांसाठी हेच बरं, वाकायला लागत नाही, नुसतं शरीराचं वजन टाकायचं. विकणारी बाई हेच समजावून सांगत होती. "करून बघा ना," म्हणाली.

उजवा पाय उचलला. ठेववेना. गुडघ्याचा काही संबंध नाही, दुखतो तो डावा.

आण्णा, माझे वडील, आठवले. आमच्या घरातले देव आण्णांनीच गाठोडं बांधून नदीत सोडले. नवस गेले, अंगारे गेले, दसऱ्याची हत्यारांची पूजा गेली. पण फावड्याला चुकून पाय लागला तर वाकून हात लावायचा आणि तो हात कपाळाला, एवढं मात्र राहिलं. "त्याच्यावर भाकर हाय आपली," म्हणायचे. एकदा मी त्यावर उभा राहिलो होतो तर मारलं होतं. एरवी कधी हात उगारला नाही.

आणि मी इंजिनिअर. जन्मभर प्रेसच्या पेडलवर पाय ठेवून चाचण्या घेतल्या. पेडलचं कधी काही वाटलं नाही.

बाई बघत होती. पाय हवेत. "कुंडीची माती कुठे मिळेल?" असं काहीतरी विचारलं. माती घेऊन आलो. आमच्याकडे कुंडी नाही.

शनि. १९ मार्च

गुपचूप मागवलेलं हातातलं छोटं खुरपं घेऊन गेलो. लांब चाकूसारखं आहे, दाते दोन्हीकडे. बसून खणायचं. बसलो. खणलंसुद्धा, एक बटण निघालं, पितळी. मग उठता येईना. युर्गन वळून बघायला लागला तसा म्हणालो, बुटाची नाडी बांधतोय. तो बुटांकडे बघत राहिला. माझ्या बुटांना पट्टे आहेत, नाडी नाही. जवळ येऊन सहज उभा राहिला, त्याच्या खांद्याला धरून उठलो.

नंतर बांधावर कॉफी. थर्मास त्याचाच. त्यानं विचारलं, तुझे वडील काय करायचे?

मी: श्ट्रासेनबाऊ. रस्त्यांचं काम.

"आह, म्हणजे तेही इंजिनिअर."

मी: हो, तसंच काहीसं.

तसंच काहीसं. आण्णा रस्त्याच्या कामावर गँगमध्ये होते. चर खणायचे, खडी पसरायचे. उन्हाळ्यात तळवे डांबरानं पोळून यायचे. मला फावडं धरायला लागू नये म्हणून शाळेत घातलं, ते त्या फावड्याच्या जिवावर.

ऐनवेळी जर्मन शब्द सुचला नाही, अशी स्वतःची समजूत घालतोय. शब्द सुचला होता.

रवि. १७ एप्रिल

जयंतीचा कार्यक्रम, फ्रँकफुर्ट. हॉल भरला होता. आयटीतली मुलं, पीएचडीवाली मुलं, दोन-तीन पोरं तर रात्रभर बसनं बर्लिनहून. ज्येष्ठ म्हणून मला बोलायला लावतात. विषय माझाच: श्रमाची प्रतिष्ठा. बरं झालं भाषण. टाळ्या.

नंतर जेवताना एक मुलगी आली, डार्मश्टाटला संशोधन करते. "काका, फार छान बोललात. माझे आजोबा सफाई खात्यात होते. माझ्या प्रोफेसरना पहिल्याच भेटीत सांगितलं मी. ते म्हणाले, मग तुला कष्ट नवे नाहीत." आणि हसली. काही न घडल्यासारखी डाळ वाढून घेत होती.

ताट तसंच ठेवून उठलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. परतताना सु. म्हणाली, गप्प का? म्हटलं, तिखट होतं.

रवि. २४ एप्रिल

माझा वाढदिवस. प्रज्ञाकडे सगळे. जावई फ्लोरियाननं केक केला होता, सु.नं पुरणपोळ्या. नात मिला माझ्या मांडीवर. मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते, चाललंय बरं.

मग व्याह्यांनी गॅरेजमधून आणलं. कापडात गुंडाळलेलं, लांब. स्पाटन. साधा नाही. चांगल्या पोलादाचं अरुंद पातं, दांडा माझ्या उंचीला कापून घेतलेला, टी-मूठ लाकडी आणि हाताला गुळगुळीत. पाय लावायची जागा मुद्दाम रुंद करून वेल्ड केलेली, वर रबर. रेनाटं, म्हणजे विहीणबाई, म्हणाल्या की महिनाभर रोज संध्याकाळी हा वर्कशॉपमध्येच.

"गुडघ्याला त्रास नको म्हणून," युर्गन माझ्या कानाशी म्हणाला. म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. नाडीचंसुद्धा.

डोळे भरून आले. सगळे म्हणाले, चल, बागेत करून बघ. गेलो. रबराकडे बघतोय. आधी हत्यार, त्यात व्याह्यांनी हातानं केलेलं, आणि त्याच्यावर पाय द्यायचा. वाकून हात लावला, कपाळाला लावला. रेनाटं "ओह" म्हणाल्या, त्यांना वाटलं मी भारावलो. भारावलो होतोच. पण पाय काही उचलला नाही. नुसत्या हातांनी दाबायला गेलो, पातं गवतावरून घसरलं. आज गुडघा दुखतोय म्हणालो.

ज्या गुडघ्यासाठी त्यानं ते केलं, त्याच गुडघ्याचं कारण पुढे केलं.

"प्रिमा, प्रिमा, एकदम झकास," म्हणत होतो मी. दहा वेळा तरी.

शनि. ३० एप्रिल

मका पेरायच्या आतला शेवटचा शनिवार. शेतकऱ्यानं आजपर्यंतच परवानगी दिली होती.

ठरवून गेलो होतो की आज पाय ठेवायचा. काय होणार आहे? आण्णांना जाऊन किती वर्षं झाली. युर्गन लांब दुसऱ्या टोकाला. मशीन वाजलं. स्पाटन रोवला. पाय उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. मग सुचलं: बूट काढावा. चिखलाचा बूट नको, निदान अनवाणी पाय. घरात शिरताना काढतो तसा. स्वतःलाच शहाणपणाचं वाटलं. उजवा बूट काढला, मोजाही काढून आत कोंबला, बूट नीट बाजूला कोरड्या ढेकळावर ठेवला. पाय रबरावर. थंडगार. आणि गेलं की पातं खाली, लोण्यात सुरी जावी तसं. काय बनवलंय त्यानं.

वर बघतो तर युर्गन समोर उभा. माझ्या अनवाणी पायाकडे बघतोय, मग त्या बाजूला ठेवलेल्या बुटाकडे. बूट नवे आहेत, सु.नं वाढदिवसाला घेतलेले.

"काय झालं?"

"बुटात खडा गेला."

"मोज्यातही?" म्हणाला. हसला नाही.

परत येताना गाडीत रेडिओ लावला त्यानं. एरवी लावत नाही. स्पाटन त्याच्या डिकीतच राहिला, मागायचं धाडस झालं नाही.

बुध. ४ मे

प्रज्ञाचा फोन. "बाबा, तुमचं आणि युर्गनचं काही झालंय का?"

नाही म्हणालो.

"मग ऐका. ते फ्लोरियानला म्हणाले की तुम्हाला खणायला आवडत नाही हे त्यांना आधीच कळायला हवं होतं. त्यांनी टीव्हीवर भारतावरचं काहीतरी बघितलंय. तिकडे वरच्या जातीची माणसं हत्याराला हात लावत नाहीत, खणायचं काम दुसऱ्यांनी करायचं. तुम्ही नुसतं बोट दाखवता, बूट मळू नये म्हणून काढून ठेवता. वडीलही इंजिनिअर होते म्हणालात. त्यांना वाटतंय तुम्ही तसल्या घरातले. आपण फावडं भेट देऊन तुमचा अपमान केला असं वाटतंय त्यांना. बाबा? ऐकताय ना?"

ऐकत होतो.

"आजोबा इंजिनिअर कधी होते हो?"

म्हटलं, गैरसमज झाला असेल. "मी सांगू का त्यांना?" म्हणाली. नको, मीच सांगेन.

फोन ठेवला. आता हे लिहू की नको. ही वही दुसरं कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो.

ती "वरच्या जातीची" म्हणाली तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. कुणीतरी आपल्याला तसं समजलं, चेहऱ्यावरून, चालण्यावरून ओळखू आलं नाही, याचं बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. या वयात, एवढं सगळं वाचून, दरवर्षी माईकसमोर उभा राहून.

मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हेच. आण्णांचा फोटो समोरच्या भिंतीवर आहे. खुर्ची फिरवून बसलो.

शनि. ७ मे

युर्गनचा फोन नाही. मीही केला नाही.

सु.ला प्रज्ञाकडून सगळं कळलंय. म्हणजे मी वर लिहिलंय ते सोडून सगळं. पोटभर हसली आधी. "तुम्ही वरचे? अहो, नीट बघितलंय तरी का त्यांनी तुम्हाला?" मग गंभीर झाली. "जा आणि सांगून या. मामंजी फावडं मारायचे, त्यात लाजायचं काय? चोरी नव्हते करत."

लाजत नाही म्हणालो.

"मग काय करताय?"

तिला वाटतंय मी आण्णांच्या कामाला लाजतोय. तेवढंच असतं तर बरं होतं.

रवि. १५ मे

फिंग्स्टनची सुट्टी. प्रज्ञाकडे कॉफीला सगळे. युर्गन अदबीनं वागत होता, फार अदबीनं. माझ्यासाठी खुर्ची ओढली. माझी प्लेटसुद्धा उचलू दिली नाही मला. पूर्वी मला "ए, दूध दे रे इकडे" म्हणणारा माणूस. हे नाही सहन झालं.

त्याला म्हटलं, जरा गॅरेजमध्ये चल. तिथं उभ्या उभ्या सांगितलं. घरी वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी विसरलो. माझे वडील इंजिनिअर नव्हते. खणायचे. रस्त्यासाठी, मजुरीवर, आयुष्यभर. आम्ही वरचे नाही, ज्यांना सगळ्यात खाली ठेवलं होतं त्यांच्यातले. फावड्यावर आमची भाकरी, म्हणून त्याला पाय लावत नाहीत. तुझ्या स्पाटनला पाय लाववेना तो म्हणून. बूट काढला तोही त्याच्यासाठी, बुटासाठी नाही.

तो चष्मा काढून पुसत राहिला. मग म्हणाला, "आणि मी मूर्खासारखा टीव्हीवरचं ऐकून तुझ्याबद्दल काय काय बोललो. मला लाज वाटते." मान खाली. एवढा उंच माणूस. माझे दोन्ही हात हातात घेऊन माफी मागितली. मी "काही नाही रे, होतं असं" म्हणालो. मोठ्या मनानं.

डिकीतून स्पाटन काढून दिला. पुढच्या शनिवारी नदीकडचं कुरण आहे म्हणाला, तिथल्या मालकाला विचारून ठेवतो. ये, हवा तसा खण, अनवाणी खण.

घरी येताना सु. खूश. "बघा, किती सोपं होतं." हो म्हणालो.

तो जे समजला होता ते ऐकून मला बरं वाटलं होतं, हे सांगितलं नाही. माफी त्यानं मागितली, आणि मी ती घेतली. घेतलेली माफी परत कशी करतात? शनिवारी कुरणावर बोलावं का. पण मग तो विचारेल की बरं का वाटलं, आणि त्याला मी जर्मनमध्ये, किंवा मराठीतसुद्धा, काय सांगणार?