प्लास्टिकमधला नावाडी

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डेनिसने माझ्या आईच्या ताटल्या काचेच्या कपाटातून काढून टाकल्या! मला न विचारता! का, तर त्याला पुस्तक ठेवायचंय. पुस्तक कसलं, धूड आहे नुसतं. ‘मध्यरात्रीचा नावाडी’ म्हणून तो मुखवटेवाला, बंदरात वल्हं मारत चोर धरणारा, त्याच्या कॉमिक्सला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून काढलंय. मोजक्या प्रती, प्रत्येकीवर नंबर, बाहेरून चकचकीत खोकं, खोक्यावर घट्ट प्लास्टिक.

म्हटलं, उघड.

“उघडायचं नसतं, मा.”

“म्हणजे?”

“प्लास्टिक निघालं की ते नुसतं पुस्तक होतं.”

“मग आत्ता काय आहे? वीट?”

लोरेटा हसली. माझीच पोरगी, पण नवऱ्याच्या आणि माझ्या मध्ये कधी पडायची नाही. हसते फक्त.

मला हसू आलं नाही. त्या नावाड्याच्या तोंडचा शब्दन् शब्द माझ्या नवऱ्याने, गाएतानोने लिहिलाय. ह्याच घरात. पुस्तकाच्या शेवटी सगळ्या काम करणाऱ्यांची यादी छापलीय, हे डेनिसच बोलून गेला. त्या यादीत गाएतानो आहे की नाही, एवढंच मला बघायचंय. दुसरं काही नको.

बघणार. बघितल्याशिवाय मरायची नाही.

८ नोव्हेंबर

ताटल्या परत कपाटात. पुस्तक त्यांच्या डोक्यावर.

१० नोव्हेंबर

लोकांना वाटतं, चित्र काढलं की झालं कॉमिक. पेन्सिलवाला वेगळा, शाईवाला वेगळा, आणि फुग्यांतली, म्हणजे बोलण्याची अक्षरं काढणारा सगळ्यांत शेवटचा. सही एकाचीच. पेन्सिलवाल्याची. कंपनीची रीतच ती. बाकीचे भुतं!

आमच्या ह्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर गाएतानो बसायचा. पानं मोठी, जाड कागदाची. मी आधी फुग्यांत फिक्या पेन्सिलने रेघा मारून द्यायची, शाई वाळली की खोडायची. शाळा मी पाचवीत सोडून शिवणकारखान्यात गेले होते. सासू आल्यागेल्याला सांगायची, “आमची सून सहीच्या जागी फुली मारते.” खोटं नव्हतं अगदी. नीट लिहायला मी त्या फुग्यांवरूनच शिकले. म्हणून तर अजून माझं अक्षर असं उभंच्या उभं, सगळं कॅपिटल, ओरडल्यासारखं.

मी भांडायला उठले की गाएतानो म्हणायचा, “मी त्याचा आवाज आहे, फिलो. आवाजाचं नाव कोण विचारतं?”

शेवटच्या आजारात नर्सने विचारलं, काय काम करायचात? म्हणाला, अक्षरं काढायचो. तिने ‘पाट्या रंगवणारा’ लिहिलं. त्याने सुधारलं नाही. मी सुधारायला लावलं.

१४ नोव्हेंबर

आज भाजीची ढकलगाडी घेऊन कॉमिक्सच्या दुकानात गेले. दुकानदार हर्शेल. डेनिस दर शनिवारी त्याच्याकडे जाऊन बसतो, जसे आमचे लोक चर्चला जातात. माणूस बरा. दाढीत बिस्किटाचा चुरा.

“मिसेस स्कार्पाटी! तुम्ही इकडे कुठे?”

म्हटलं, नावाड्याचं मोठं पुस्तक दाखव. काउंटरवर आणून ठेवलं. प्लास्टिकमध्ये! दुसरी प्रत? तीही प्लास्टिकमध्ये. तुझी स्वतःची? घरी आहे. प्लास्टिकमध्ये.

“मग आत काय आहे ते माहीत कुणाला?”

तो दाढी खाजवायला लागला. दुकानातली दोन मोठी टकलं जवळ सरकली. एकाने हळूच सांगितलं की त्याच्याकडे दोन प्रती आहेत. दुसरी कशाला, म्हटलं. तर पहिली खराब झाली तर! न उघडता खराब कशी होणार, बाबा?

“छपाईवाला धरून कुणीच वाचलं नाही म्हणा की.”

“तुम्ही आमची टिंगल करताय,” हर्शेल म्हणाला.

“नाही रे बाळा. तुम्हीच करताय, त्या बिचाऱ्या पुस्तकाची.”

येताना वांगी घ्यायची राहिली.

१९ नोव्हेंबर

कंपनीला फोन केला. आधी बाजा ऐकवला. मग एक मुलगी आली. गोड बोलते. “तुमचे यजमान चित्रकार होते का?” नाही, अक्षरं. “लेखक?” नाही गं, अक्षरं! “ओके, म्हणजे फॉन्ट?” फोन ठेवला.

आता ठरलं. चोरून काही करणार नाही. सगळ्यांसमोर.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

भांडी अजून तशीच पडलीत. पण लिहिते.

रीतीप्रमाणे आधी माझा लझान्या, मग टर्की. लझान्या ओव्हनमधून काढला आणि टेबलावर आणलाच नाही. आधी पुस्तक आणून ठेवलं. शेजारी सुरी.

डेनिसचा चेहरा पिठासारखा. “मा, सुरी खाली ठेव.”

“तू काप, नाहीतर मी कापते. लझान्या गार होतोय.”

“लोरेटा, सांग ना हिला!”

आणि माझी मुकी लोरेटा बोलली! “डेनिस, पप्पाचं नाव आहे की नाही, मलाही बघायचंय.”

त्याने सुरी घेतली. स्वतःच्या हाताने कापलं, आणि कापताना डोळे मिटले! टाके घालणाऱ्या डॉक्टरसमोर बसल्यासारखा.

यादी मागे होती. बारीक अक्षरांत. लोरेटाने मोठ्याने वाचली, मी बोट ठेवून मागोमाग गेले. पेन्सिलवाले. शाईवाले. संपादक. संपादकांचे साहाय्यक. गोदामवालासुद्धा आहे! स्कार्पाटी नाही.

परत वाचायला लावलं. नाही.

डेनिसला ओरडायचं होतं, पण ओरडणार कुणावर? म्हणून नुसतीच पानं उलटत बसला. आणि थांबला.

“मा, हे बघ. ही मूळ पानं आहेत. कुणीतरी कचऱ्यातून वाचवलेली. होती तशीच छापलीत.”

होती तशीच! पिवळा पडलेला कागद. खोडायच्या राहिलेल्या माझ्या रेघा. चुका झाकलेली पांढऱ्या रंगाची ठिगळं. आणि एका पानाच्या कडेला, चौकटीबाहेर, लालसर अंगठा. रेघ न् रेघ दिसतेय.

माझा.

त्या दिवशी रविवार होता. मी सॉस ढवळता ढवळता पान धरलं. गाएतानो असा ओरडला की वरच्या मजल्यावरून काठी आपटली. मग स्वतःच म्हणाला, जाऊ दे, कडा कापूनच छापतात, कुणाला दिसणार आहे?

छापलेल्या अंगठ्यावर मी माझा ठेवला. तेव्हा बारीक होता.

लझान्या गारच खाल्ला सगळ्यांनी.

२८ नोव्हेंबर

नाव नाही ते नाहीच.

३० नोव्हेंबर

डेनिस माझ्याशी बोलत नाही. पण पुस्तक कपाटात गेलेलं नाही. जेवताना वाचतो, संडासात वाचतो. आज मधूनच ओरडला, “मा, नावाडी हसतो तेव्हा अक्षरं वाकडी होतात, पाहिलंस?”

म्हटलं, पाहिलंस म्हणून काय विचारतोस! इथेच बसून हसायचा गाएतानो, अक्षरं बरोबर आली की.

६ डिसेंबर, शनिवार

डेनिस म्हणाला, कोट घाल. हर्शेलच्या दुकानात नेलं. जमिनीवर फाडलेलं प्लास्टिक! ती दोन टकलं, आणखी चारपाच माणसं, सगळ्यांच्या काखेत उघडी पुस्तकं. ह्या लोकांत बनवणाऱ्याची सही घ्यायची रीत आहे म्हणे. हर्शेलने खुर्ची दिली, पेन दिलं, यादीचं पान उघडलं. मी प्रत्येकात लिहिलं – गाएतानो स्कार्पाटी. अगदी त्याच्या अक्षरात.

पेन परत दिलं, तर हर्शेल घेईना. पान उलटून कडेच्या डागापाशी थांबला. “इथे तुमचं.”

“माझं कशाला? मी रेघा मारायचे.”

“अंगठा कुणाचा?”

“माझा.”

“मग?”

लिहिलं. पूर्ण नाव. फुली नाही.