ताईचा मोडलेला पाय

१२ ऑक्टोबर

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

खोल्या मिळाल्या. अगदी बर्फाच्या उतारासमोरच्या, तुला हव्या होत्या तशा. माझ्या चष्म्याच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची तिथे ओळख निघाली म्हणून, नाहीतर हिवाळ्यात त्या गावात पाय ठेवायला जागा नसते. स्की आणि बूट तिथेच भाड्याने घेऊ. तुझ्या बायकोच्या पायाचं माप कळव.

एक घोटाळा मात्र झालाय. मी बोलण्याच्या ओघात आईला सहलीचं सांगून बसले, आणि वर जीभ चावायच्या आत “तूही चल की” असंही म्हणाले. ती चटकन हो म्हणाली रे! आता काय करायचं ते तूच सुचव.

बाकी क्षेम. माया आहेच.
तुझी ताई


२० ऑक्टोबर

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा फोन आल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तुझे बाबा गेल्यावर मला “चल” म्हणणारं कुणी राहिलं नव्हतं गं. उगाच रडत बसले थोडा वेळ.

स्की करायला मांड्या घट्ट लागतात म्हणे. म्हणून रोज भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून, खुर्चीविना खुर्चीत बसते. आधी लगेच घसरायचे, आता रेडिओवर एक गाणं संपेपर्यंत टिकते. जन्मभर पोहायला शिकवताना लोकांच्या पोरांना पाण्यात ढकललं, आता मला कुणीतरी बर्फात ढकला. मी घाबरले तर हसायचं नाही, हे ठोंब्याला आत्ताच सांगून ठेव.

सर्वांना गोड पापा. वाट बघते आहे.
आई


३ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी जीभ म्हणजे धन्य आहे. अगं, आईला सगळं जग म्हणजे तिचा पोहण्याचा तलाव वाटतो. गेल्या खेपेला माझ्या साहेबांना तिने भर जेवणात पाठ सरळ करून बसायला लावलं! ते अजून मला त्यावरून चिडवतात. बायकोने निक्षून सांगितलंय की आई येणार असेल तर ती माहेरी जाईल.

तेव्हा ऐक. तुझा पाय मोडला. दुकानाच्या जिन्यावरून पडलीस, प्लास्टर घातलंय, सहल रद्द. आईला मी निघायच्या आठवडाभर आधी पत्राने कळवतो, कारण फोनवर तिच्यापुढे माझी थाप टिकत नाही. त्यानंतर तू फोन उचलूच नकोस. परत आल्यावर पाय बरा कर, म्हणजे झालं.

असाच कृपालोभ ठेव, आणि थोडं लंगडायची सवय कर.
ठोंब्या


१५ डिसेंबर

ती. आईस,
शि. सा. न.

वाईट बातमी आहे. ताई जिन्यावरून पडली, पाय मोडलाय. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, फोनपर्यंतही तिला जाता येत नाही. सहल अर्थातच रद्द. तुझा हिरमोड होणार, पण इलाज नाही. काळजी करू नकोस.

आशीर्वाद असू दे.
ठोंब्या


२१ डिसेंबर

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

काल दिवसभर फोन खणखणत होता. मुलं उचलायला धावली, मी म्हटलं, कुणाचातरी चुकीचा नंबर लागतोय. आज मात्र गप्प आहे. आई रुसली असेल. येईल ताळ्यावर. येताना तिला लोकरीची शाल आणू, म्हणजे प्रकरण मिटलं.

ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन थेट माझ्या दारात ये, इथूनच सगळे निघू. टपाल वेळेत पोचायचं नाही, म्हणून हे पत्र तुझ्याकडे निघालेल्या एका गिऱ्हाइकाच्या हाती देते आहे. बर्फ मुबलक पडलाय म्हणतात. जिवाची मजा करू.

लवकर ये.
तुझी लंगडी ताई


२३ डिसेंबर

चि. ताई आणि चि. ठोंब्या, दोघांस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं तशी फोन करत राहिले. कुणी उचलेना, तेव्हा माझा धीर सुटला आणि निघाले. पाय मोडलेल्या बाईला उचलून न्हाणीघरात कोण नेणार, हाच विचार डोक्यात. ताई, तुझ्या दाराला कुलूप. मला वाटलं दुखणं वाढलं, म्हणून गावातले दवाखाने पालथे घातले. तुझं नाव सांगून सांगून घसा बसला.

शेवटी समोरच्या बाई म्हणाल्या की सगळी बर्फात गेली, भाऊही आला होता, निघताना खूप हसत होती. माझं तोंड बघून त्यांना कसंतरी झालं. मी म्हटलं, हो हो, मला सांगितलं होतं, मीच विसरले. तुमची लाज राखली.

“आई, तू नको येऊस” एवढं म्हणाला असतात, तर मी रडले असते आणि घरी बसले असते. वाटेभर मी देवाला सांगत होते की तिचा पाय नीट कर, हवा तर माझा घे.

हे पत्र दाराखालून सरकवते आहे. रात्रीच्या गाडीने परत जाईन. यापुढे खरंच कुणाला काही झालं, तर परक्याच्या हातून कळवा. तुमचं अक्षर बघून मी जागची हलणार नाही.

लोभ आहे तेवढा राहील. त्यात भर पडेलसं वाटत नाही.
आई