मागच्या खोलीचे दार

"दाराबाहेर कोणीही नव्हते," असे माझी नात भारती इंग्रजी मासिकात छापून मोकळी झाली. साफ खोटे. एवढे आधी लिहून ठेवते, मग बाकीचे.

मी वासुकीबाई, कैलासवासी शेषगिरीरावांची बायको, वय एकोणऐंशी, राहणार तंजावूर. शाळा तिसरीपर्यंत, अक्षर वाकडे, डोके सरळ. कोणी हात धरून लिहवून घेतलेले नाही. हात धरायला घरात कोणी नाहीच. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे असे करावे.

पापनाशमची भातजमीन आणि हे घर मुलगा रघुराम याला. तो घर पाडून लॉज बांधणार, खाली एसटीडी बूथ. "अम्मा, काळ बदललाय," म्हणतो. बदलू दे. लॉजला माझे नाव देऊ नये.

पितळी भांडी सून वत्सला हिला. घासायची सवय नाही, ती लागेल. कॉफीचा फिल्टर मात्र टाकून द्यावा. एका माणसापुरता आहे.

शेजारच्या सरोजाटीचरला काही नाही. ती साक्षीदार, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणाला. तिने रुसू नये. ते मासिक तिनेच मला मराठीत सांगत वाचून दाखवले, तेही रडत. मी नाही रडले.

मागच्या खोलीचे दार, चौकटीसकट, भारतीला. का, ते सांगते.

भारती माझ्या मुलीची मुलगी, आईवेगळी, मी वाढवलेली. आता लंडनला वयात येणाऱ्या पोरांच्या मनाचा अभ्यास करते. मोठे नाव आहे. पोर कोचावर पडून बोलते, ही मागे, त्याला दिसणार नाही अशी बसून ऐकते. तिने लिहिले आहे की हा सगळा अभ्यास त्या खोलीत सुरू झाला. तेरा वर्षांची होती, पहिल्यांदा बाजूला बसली होती. आतून विचारत राहिली, "बाहेर कोणी आहे का?" उत्तर आले नाही. त्या मुक्या दारावर तिने पुस्तके लिहिली.

होते ना बाहेर. मी होते. दाराला पाठ लावून, सवाष्णींनी तिला न्हाऊ घालेपर्यंत. पण मी विधवा. न्हाण आलेल्या पोरीने विधवेचे तोंड पाहू नये, आवाज ऐकू नये, ही आमच्या घरची रीत. तिचे पुढचे बरे व्हावे म्हणून तोंडात पदर कोंबून बसले. एवढी शिकली, वाटले, एक दिवस विचारेल. जगभरच्या पोरांना विचारते. मला दीपावलीला सरोजाच्या फोनवर विचारते, "आजी, गोळी घेतेस ना?" घेते.

भारतीला देवनागरी वाचता येत नाही. म्हणून हा कागद टपालाने पाठवू नये, इंग्रजीत उतरवू नये. तिने स्वतः यावे. दार लावून बाहेरच्या बाजूला, जमिनीवर, दाराला पाठ लावून बसावे. सरोजाने आत बसून वाचावे. त्याआधी रघुरामने घराला पहार लावू नये. नंतर दार लंडनला न्यायचे की जाळायचे, तिचे ती बघेल.

वाचून झाले की सरोजाने आतून विचारावे, "बाहेर कोणी आहे का?"

उत्तर भारतीनेच द्यावे. दुसऱ्या कोणी तोंड घालू नये.

सही: वासुकीबाई
साक्षीदार: सरोजा कृष्णमूर्ती, शिक्षिका; सांबशिवराव, निवृत्त पोस्टमास्तर
तंजावूर, ९ नोव्हेंबर १९९४